शंभर व्होल्टवरचा एक दिवस

पहाटे 5:40

जूनमध्ये टोकियोत साडेचारलाच उजाडतं, त्यामुळे पावणेसहाला सकाळ बरीच वर आलेली असते. उएनोतल्या या बिझनेस हॉटेलच्या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यामधून माणसाला आडवं होऊनच जावं लागतं. टेबलावर लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला होता. उघडला तर बॅटरी 14 टक्के, आणि चार्जरवरचा हिरवा दिवा गेलेला.

आज दुपारी दोनला नागोयाजवळच्या एका कारखान्यात आमच्या भोसरीत बनलेल्या मोटर-चाचणी यंत्राची हँडओव्हर टेस्ट आहे. यंत्राला हुकूम देणारं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर आहे. 14 टक्क्यांत ते जेमतेम सुरू होईल.

अशा वेळी क्रम ठरलेला असावा. आधी सॉकेट, मग अ‍ॅडॉप्टर, मग पॉवर कॉर्ड, मग चार्जरचा ठोकळा, सगळ्यात शेवटी लॅपटॉप. लोक नेमकं उलट करतात आणि थेट मदरबोर्डपर्यंत पोचतात. सॉकेट तपासायला पलंगाजवळचा दिवा पुरतो. त्याची पिन इथे लावली, दिवा लागला. सॉकेट ठीक. (बऱ्याच हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीतल्या सॉकेटांचीही वीज जाते. कार्ड खिशात घालून जेवायला गेलेला माणूस परत येतो आणि चार्जरला शिव्या घालतो. मी रात्रभर खोलीतच होते, म्हणून ती शंका बाद.)

दुसरा नंबर अ‍ॅडॉप्टरचा, आणि उत्तर तिथेच मिळालं. दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला कंपनी एक 'सगळ्या देशांचा' ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर देते. एका बाजूला आपली तीन गोल पिनांची जागा, दुसरीकडून बाहेर सरकणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या पिना. त्यातल्या जपानी पिनेच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी झालं होतं. नाक जवळ नेलं तर जळका वास.

जपानी सॉकेटला दोन उभ्या चपट्या खाचा असतात. त्यांत बसायला हलक्या दोन पिनांचा प्लग अपेक्षित आहे. आपण त्यात ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर खोचतो, त्यात भारतीय थ्री-पिन, आणि थ्री-पिनला ओढणारी जाड कॉर्ड. सगळा भार भिंतीतल्या दोन पातळ पत्र्यांवर. रात्रभरात अ‍ॅडॉप्टर थोडा खाली झुकतो, पिन अर्धी बाहेर येते, मग कॉन्टॅक्ट लागतो-तुटतो, लागतो-तुटतो. प्रत्येक तुटण्याला बारीक ठिणगी. चार्जरच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. वीज तुटून परत आली की तो रिकामेपणी एकदम मोठा करंट ओढून घेतो. असा धक्का कितीदा बसला असेल देव जाणे. शेवटी आतला फ्यूज गेला असेल किंवा रेक्टिफायर. बरोबर दौऱ्यावर आलेल्या सांगलीच्या पोराच्या खोलीतून त्याचा अ‍ॅडॉप्टर आणि चांगली कॉर्ड आणून पाहिली, तरी दिवा लागला नाही. म्हणजे ठोकळाच गेला.

आत काय गेलं ते उघडून बघणार नाही. शंभर व्होल्टच्या देशातसुद्धा त्या कपॅसिटरवर सुमारे 140 व्होल्ट डीसी साठतात, आपल्याकडे सव्वातीनशे. आणि चार्जर बंद पडला म्हणून तो रिकामा झालाच असेल असं नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन हॉटेलच्या गादीवर बसायचं हे काम नव्हे.

सकाळी 7:00

नाश्त्याला आमचा सांगलीचा पोरगा भेटला. पहिलाच परदेश दौरा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण तयार असतं.

"मॅडम, इथं शंभरच व्होल्ट. कमी व्होल्टेजनंच जळाला असणार बघा."

हे निदान निम्मं चूक आणि निम्मं बरोबर. चार्जरच्या पाठीवर 'इनपुट 100–240 व्होल्ट, 50–60 हर्ट्झ' असं छापलेलं असतं. तो एसी आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवतो आणि शेवटी 19.5 किंवा 20 व्होल्ट देतो. शंभर व्होल्टनं तो जळत नाही. पण लॅपटॉपला वॅट तेवढेच लागतात. व्होल्टेज 230 वरून 100 वर आलं की तेवढ्याच वॅटसाठी करंट 2.3 पट होतो. आणि सैल सांध्यावरची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पाचपटीहून जास्त. पुण्यात वर्षानुवर्षं खपून गेलेला लूज कॉन्टॅक्ट इथे पंधरवड्यात तपकिरी होतो, त्याचं कारण हे.

परदेशी जाणारे सगळे व्होल्टेजला भितात. सैल पिनेला कुणी भीत नाही. चार्जरच्या बाबतीत हे भय अगदी उलट्या जागी आहे.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग माझी किटली का हो उकळत नाही? खराब निघाली वाटतं."

त्यानं सांगलीहून इलेक्ट्रिक किटली आणली होती. तिथे गणित वेगळं. किटलीत नुसती कॉइल. तिला व्होल्टेज सांभाळायची अक्कल नाही. 230 व्होल्टला 1500 वॅट देणारी किटली 100 व्होल्टला जेमतेम 280 वॅट देते. पुण्यात चार मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी इथे वीस-पंचवीस मिनिटं घेतं. बिघाड काही नाही, चहाचा वेळ तेवढा जातो. याच्या उलटा प्रकार मात्र घातक आहे, तो पुढे येईल.

सकाळी 8:10

कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, चार्जर होते. ते फोनचे, वीस-तीस वॅटचे. माझ्या लॅपटॉपला गोल पिनेखेरीज एक यूएसबी-सी पोर्टही आहे, पण त्याला 45 वॅटच्या खाली दिलं तर तो 'स्लो चार्जर' असं बजावतो आणि बॅटरी वर चढण्याऐवजी हळूहळू उतरतच राहते. घेतला नाही.

सकाळी 9:30, अकिहाबारा

यामानोते मार्गावर उएनोहून दोन स्टेशनं. मोठी इलेक्ट्रॉनिक्सची इमारत साडेनऊला उघडली तेव्हा बाहेर छत्र्या झटकत उभी माणसं आत घुसली. पावसाळा सुरू झाला होता, हवेत दमटपणा. हा दमटपणाही आपल्या विषयातला आहे. कपाटामागे वर्षभर खोचून ठेवलेल्या प्लगच्या दोन पिनांमध्ये धूळ साठते, ती ओलावा धरते, तिच्यातून बारीक करंट वाहायला लागतो, प्लास्टिकचा कोळसा होतो आणि एक दिवस प्लग पेटतो. जपानी अग्निशमन दलं याबद्दल लोकांना सतत बजावत असतात. म्हणून इथल्या बऱ्याच प्लगांच्या पिनांना मुळाशी काळं इन्सुलेशन चढवलेलं दिसतं.

चार्जरचा मजला वर. भिंतभर डबे. पण बघायच्या गोष्टी थोड्या.

पहिली, पीएसई ही सुरक्षेची खूण. जपानात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर ती हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत लागते, आणि जवळ जबाबदार कंपनीचं नाव. पॉवर बँकेवर हीच खूण गोलात असते. फेब्रुवारी 2019 पासून तिच्याशिवाय पॉवर बँक इथे विकता येत नाही. दुसरी गोष्ट वॅट. मला 65 हवेत, कारण मेलेल्या चार्जरवर 19.5 व्होल्ट, 3.34 अँपिअर लिहिलंय, गुणाकार 65. जास्त वॅटचा घेतला तरी चालतो; यूएसबी पॉवर डिलिव्हरीत लॅपटॉप आणि चार्जर आधी आपसात बोलून 5, 9, 15 की 20 व्होल्ट ते ठरवतात आणि लॅपटॉप लागेल तेवढंच घेतो. जुन्या गोल पिनेच्या चार्जरला हे बोलणं येत नसे, किंवा एका बारीक मधल्या पिनेतून तुटपुंजं येई. ती पिन वाकली की चार्जर चांगला असूनही लॅपटॉप त्याला ओळखत नाही.

तिसरी गोष्ट केबल, आणि इथे फसगत फार. बाहेरून सगळ्या यूएसबी-सी केबल सारख्या. साधी केबल तीन अँपिअर, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. त्याच्या वर पाच अँपिअर न्यायचे असतील तर केबलच्या टोकात एक ओळखचिप लागते. ती नसेल तर 100 वॅटचा चार्जरही 60 वरच थांबतो. युरोपीय संघानं यूएसबी-सीची सक्ती लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 पासून ठरवली. फोनसाठी ती 28 डिसेंबर 2024 लाच आली होती. चार्जरची पिन एक झाली, तरी केबलवरचे बारीक आकडे वाचायचं काम ग्राहकाकडेच राहिलं.

हे चालू असताना पोरगा गायब. सापडला तो भाताच्या कुकरांपाशी.

"मॅडम, आईला नेतो एक. कसला भारी आहे बघा की."

कुकर उलटा करून तळ दाखवला. 'एसी 100 व्होल्ट', पुढे दुसरा आकडा नाही. हा कुकर सांगलीच्या 230 व्होल्टमध्ये खोचला तर तो किटलीचं गणित उलटं करतो: पाचपटीहून जास्त वॅट. भात शिजायच्या आत कुकर संपेल, नशीब वाईट असेल तर ओट्यासकट. उतरणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर चालतो, पण कुकरच्या वॅटला पुरणारा ट्रान्सफॉर्मर कुकरहून जड भरतो. अकिहाबारातच परदेशी नेणाऱ्यांसाठी 220–230 व्होल्टची मॉडेलं मिळतात. महाग असतात, आणि घ्यायची तर तीच घ्यावीत. पोरानं किंमत पाहिली आणि आईसाठी पंखा... हातपंखा घेतला.

मी चार्जर घेतला, एक पाच अँपिअरची केबल, आणि शेवटी कोपऱ्यातल्या रॅकवरची एक साधी पॉवर कॉर्ड. तीन पाकळ्यांच्या तोंडाची, दुसऱ्या टोकाला जपानी दोन पिना. ती काही शे येनची. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

सकाळी 10:50, शिंकान्सेन

टोकियो स्टेशनहून नोझोमी. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून एक मराठी ताई आहेत. मूळच्या डोंबिवलीच्या, आता निशी-कासाईत राहतात, जिथे टोकियोतल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे. पोरगा त्यांना आल्यापासून "ताई, हे कसलं, ताई, ते कसलं" करतोय आणि त्याही उत्तरं देतायत.

नव्या एन700एस गाड्यांत प्रत्येक आसनाला सॉकेट आहे. ही गाडी 1 जुलै 2020 ला सेवेत आली. त्याआधीच्या गाड्यांत खिडकीकडच्या माणसाची चैन होती. सॉकेटवर लिहिलेलं असतं: 100 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 2 अँपिअर. म्हणजे 200 वॅट. लॅपटॉप आणि फोन आरामात; केस वाळवायचं यंत्र नव्हे.

त्या '60 हर्ट्झ'मध्ये गंमत आहे. टोकियोत वीज 50 हर्ट्झची आहे आणि ओसाका-नागोयाकडे 60 ची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोच्या वीज कंपनीनं जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं आणली, ओसाकानं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, आणि देश कायमचा दोन तुकड्यांत राहिला. सीमा ढोबळमानानं फुजी नदीवरून जाते. मार्च 2011 च्या भूकंपानंतर पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पडली तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी इकडे पाठवता आली नाही, कारण दोन्ही जाळ्यांना जोडणारी रूपांतर केंद्रं फार थोडी वीज पार करू शकत होती. तोकाइदो शिंकान्सेन मात्र या भानगडीत पडत नाही. ती टोकियोपासून सगळी 60 हर्ट्झवरच धावते, पूर्वेकडे त्यासाठी वीज बदलून घेते.

पाऊणएक तासानं फुजी नदी ओलांडली. फुजी पर्वत उजवीकडे, ढगात. लॅपटॉपच्या चार्जरला दोन्ही काठ सारखेच. तो आलेली वीज आधी डीसीच करतो. ताई म्हणाल्या, त्यांचं सुरुवातीचं बिऱ्हाड ओसाकात होतं. तिथला '60 हर्ट्झ' छापलेला मायक्रोवेव्ह टोकियोत चालला नाही, द्यावा लागला. एका देशात घर बदलताना ही तऱ्हा.

पोराची पॉवर बँक बॅगेत वर रॅकवर होती. काढून जवळ ठेवायला लावली. विमानात ती चेक-इन सामानात चालतच नाही; 100 वॅट-तासापर्यंत सोबत नेता येते, 100 ते 160 असेल तर कंपनीची परवानगी लागते. जानेवारी 2025 मध्ये बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान जळालं, त्यात पॉवर बँकेवर संशय आला, आणि 8 जुलै 2025 पासून जपाननंही प्रवाशांना ती विमानात डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवायला सांगितलं. त्याच महिन्यात टोकियोच्या यामानोते मार्गावर धावत्या लोकलमध्ये एका पॉवर बँकेनं पेट घेतला. पेटलेली दिसली तर निदान हलता येतं. बॅगेच्या तळाशी धुमसत असेल तर कळतच नाही.

दुपारी 2:00

कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा अधिकाऱ्यानं लॅपटॉप नव्हे, चार्जर आधी मागितला. पीएसईची खूण पाहिली, यादीत नोंदवली. पोराच्या बॅगेतला भारतीय एक्स्टेंशन बोर्ड कपाटात कुलपात गेला. मला हा माणूस आवडला.

आता दिवसातलं खरं काम, आणि चार्जरची खरी परीक्षाही इथेच.

नव्या चार्जरला दोनच पिना. अर्थिंग नाही. मागे एकात एक असे दोन चौकोन छापलेत. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. माणसाच्या जिवाला ते पुरतं. पण चार्जरच्या आत, वायफळ लहरी दाबण्यासाठी, मेन्सच्या बाजूकडून लॅपटॉपच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्यातून किंचित करंट झिरपतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात त्या याच्या. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लॅपटॉपचं अंग मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजला तरंगत असतं. पुण्यात शंभराच्या वर, इथे पन्नासच्या आसपास. माणसाला गुदगुल्या. पण समोरच्या यंत्राचं अंग पक्कं अर्थ केलेलं आहे, आणि आपण दोघांना यूएसबीच्या केबलनं जोडायला निघालोय. केबलची बाहेरची धातूची कड आधी टेकली तर ठीक. आतली डेटाची तार आधी टेकली तर तो साठलेला धक्का तिच्यातून जातो. यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर मरतात ते बहुतेक याच क्षणी, आणि मग दिवसभर सॉफ्टवेअरला दोष दिला जातो.

म्हणून आमची पद्धत अशी: गाडीत बॅटरी भरून घ्यायची, यंत्राला जोडताना चार्जर भिंतीतून काढलेला, लॅपटॉप बॅटरीवर. जोडणी झाली, संवाद सुरू झाला, मगच गरज पडली तर चार्जर. मध्ये आयसोलेटर असेल तर उत्तम. बॅटरी 91 टक्के होती. लागलीच नाही.

चाचणी व्यवस्थित झाली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी 5:30

पुण्यात दुपारचे दोन. ऑफिसातून एका सहकाऱ्याचा फोन. पुढच्या आठवड्यात बर्मिंगहॅमला निघालाय.

"तिकडच्या सॉकेटात आपली दोन पिनांची पिन जाते ना? ते पेन खुपसून?"

हा पेनचा प्रयोग आपल्याकडे परंपरेनं चालत आलाय. ब्रिटिश सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर झडपा असतात. वरची लांब अर्थची पिन आधी आत गेली की झडपा उघडतात. आपली मंडळी अर्थच्या भोकात पेन घालून झडपा उघडतात आणि दोन पिनांचा प्लग ढकलतात. तो बसतो, पण घट्ट नाही. आणि ब्रिटनची गंमत ही की तिथल्या सॉकेटामागची वायरिंग बहुधा 32 अँपिअरच्या रिंगची असते. उपकरणाचं रक्षण प्लगमधल्या 3 किंवा 13 अँपिअरच्या फ्यूजवर सोपवलेलं असतं. पेनच्या युक्तीनं तो फ्यूजच गाळला जातो. बारीक वायर आणि तिच्यामागे 32 अँपिअरचं संरक्षण. शिवाय पेन धातूचं असेल तर काय बोलावं.

"मग काय नेऊ?" त्यानं विचारलं.

त्याला सांगितलं तेच शेवटी लिहिते.

रात्री 8:40, नागोया

हॉटेलवर खर्चाचा फॉर्म भरायला बसले. चार्जर, केबल, कॉर्ड. 'कारण' या रकान्यात लिहिलं: कंपनीच्या ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टरचा सैल कॉन्टॅक्ट, पिन करपली, चार्जर निकामी. सोबत फोटो. मेलेला चार्जर आणि करपलेला अ‍ॅडॉप्टर वेगळ्या पिशवीत, वर 'वापरू नये' अशी चिठ्ठी, नाहीतर स्टोअरमध्ये परत गेलेली वस्तू पुढच्या दौऱ्याला पुन्हा कुणाच्या तरी बॅगेत येते.

ती काही शे येनची कॉर्ड पोराला दिली. त्याच्या चार्जरचा ठोकळा शाबूत आहे. भारतीय कॉर्ड मागून उपटली, जपानी लावली. ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर मधून गेला. प्लग भिंतीला सपाट बसला, लटकणं नाही, झुकणं नाही.

"एवढंच?" तो म्हणाला.

एवढंच. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरला मागून निघणारी कॉर्ड असते, तीन पाकळ्यांची किंवा आठच्या आकाराची. ठोकळा जगभर चालतो. बदलायची असते ती फक्त कॉर्ड. ब्रिटनसाठी फ्यूजवाली, युरोपसाठी गोल पिनांची, जपानसाठी चपटी.

खरेदी विभागाला फॉर्मखाली विनंती लिहिली आहे, आणि परदेशी निघालेल्या वाचकांनाही तीच: ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टरचे पैसे वाचवा, त्या देशाच्या खुणेची एक कॉर्ड घ्या, लॅपटॉपला चालत असेल तर एक जादा यूएसबी-सी चार्जर ठेवा, आणि किटली घरी ठेवा.